ध्येय : इतर

जिमच्या फॉर्मवर 'आपले ध्येय' असा रकाना होता आणि त्याखाली पाच चौकोन होते : वजन कमी करणे, मसल वाढवणे, पोलीस भरती, लग्न, इतर. माझं वय त्रेपन्न. भरती आणि लग्न या दोन्हींची मुदत टळलेली. मसल वाढवायला आधी असावे लागतात. वजनाच्या चौकोनाकडे माझं पोट आशेने बघत होतं, पण मी 'इतर'वर खूण केली. इतरपुढे ठिपक्यांची एक ओळ होती, ती कोरी सोडली.

"सर, इतर म्हणजे?" अनुजने विचारलं.

अनुज जिमचा मालक. खाली त्याच्या वडिलांचं, भिकमचंदशेठचं कापडाचं दुकान, आणि वर जिथे पूर्वी तागे रचलेले असत तिथे आता जिम. आठवीत मी त्याला तरफेचे तीन प्रकार शिकवले होते. ते त्याच्या बरेच लक्षात राहिले असावेत, कारण त्याने गोदामभर तरफाच उभ्या केल्या होत्या.

"इतर म्हणजे इतर," मी म्हणालो.

"म्हणजे जनरल फिटनेस." त्याने स्वतःच ठिपक्यांवर तसं लिहून टाकलं. "सर, या वयात एकट्याने काही करू नका. पर्सनल ट्रेनर घ्या. तीन दिवस ट्रायल, फुकट. रविवारी सांगा. पटलं तर सहा महिन्यांचं पॅकेज. नाही पटलं तर तुम्ही आमचे सर आहातच."

खालच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या खांद्यावर कापड टाकून 'घेऊ नका, बघा तर खरं' म्हणतात, त्याच सुरात. मी बघतो म्हणालो.

त्या ठिपक्यांवर जे लिहायचं होतं ते चार शब्दांत मावलं असतं : मायला उचलता आलं पाहिजे. पण मागे दोन पोरं फॉर्म घेऊन उभी होती, आणि एवढं लिहिलं की त्याच्या पुढचंही लिहावं लागलं असतं.

पुढचं असं. माझी माय, मंदाबाई, वय एकोणऐंशी, संक्रांतीनंतर असोद्याच्या घरी ओट्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि तिला जळगावला माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, आपल्या पायांनी चालायला अजून तीन-चार महिने. तोवर पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात आणि परत, सगळं उचलून. कसं उचलायचं ते दवाखान्यातल्या पोराने एकदा दाखवलं होतं, डिस्चार्जच्या गडबडीत, अर्ध्या मिनिटात, एका हडकुळ्या वॉर्डबॉयला उचलून. माय हडकुळी नाही. अठ्ठावन्न किलो.

डायपरचं नाव काढलं तर म्हणाली, "मी काय तान्ही हाये का?" कामाला बाई ठेवली, तर ती बाई मायपेक्षा दहा किलोंनी कमी निघाली. चार दिवस मायने तिला समोर बसवून जेवायला घातलं आणि पाचव्या दिवशी, पोरीचे हाल होतात म्हणून, परत पाठवलं. नूतन, माझी बायको, पोस्टात उभ्याने काम करून स्वतःच कमरेला पट्टा बांधते. राहिलो मी.

दीड महिना मी कसंबसं निभावलं. मग एका दुपारी, नूतन ऑफिसात असताना, पलंग आणि खुर्चीच्या मधोमध माझे हात सुटले. पडलो नाही, फक्त हळूहळू खाली बसत गेलो, आणि माय माझ्या मांडीवर. अर्धा तास तसेच बसलो होतो. शेवटी मी हाका मारल्या. शेजारच्या सुनंदाबाईंकडे त्यांचे जावई जेवायला आलेले. ते ताटावरून उठून आले आणि उष्टा हात न लावता, कोपरांच्या बेचक्यात धरून मायला उचलून पलंगावर ठेवलं. माणूस चांगला होता. पण लोकाच्या जावयाने, जेवता जेवता उठून, आपल्याला उचलावं, हे मायला सोसण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी तिने नूतनला बाजारात पाठवून त्या जावयाला टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने पाणी कमी केलं.

आमच्या ते आठवड्याने लक्षात आलं. माझ्या नाही, नूतनच्या. तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ग्लासाला एक अशा रेघा ओढायला सुरुवात केली. पाच, चार, तीन. जळगावातला फाल्गुन, दुपारी भिंतीला हात लावला तर भिंत तापलेली, आणि माय म्हणायची, "तहान नही लागत, भाऊ." डॉक्टरांनी सांगितलं, पाणी वाढवा, नाहीतर परत ॲडमिट करावं लागेल. मायने डॉक्टरांकडे बघून मान डोलावली. त्या दिवशी दोन रेघा.

माझी बहीण दिपमाला धुळ्याला असते. ती फोनवर म्हणाली, "मी रविवारी दुपारी गाडी घेऊन येते आणि तिला इकडे आणते. आमच्याकडे लिफ्ट आहे."

"लिफ्टने पलंगावरून संडासात जाता येतं का?"

"दादा, तू शाळेत बोलतोस तसं माझ्याशी बोलू नको. तुला ती उचलत नाही. खरं की नाही?"

खरं होतं. पण लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं मानणाऱ्या पिढीतली आमची माय. दिपमालाच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यात ती धुळ्याला तीनदा गेली आणि तिन्ही वेळा सोबत पाण्याची कळशी नेली. ती आता लेकाच्या घरीही पाणी पिईना. तिला धुळ्याला पाठवणं म्हणजे उरलेल्या दोन रेघाही पुसणं. मला ते कळत होतं. दिपमालालाही कळत असावं, म्हणूनच ती लिफ्टचं बोलत होती.

म्हणून बुधवारी मी जिममध्ये जाऊन तो फॉर्म भरला. ट्रायल गुरुवारपासून.

ट्रेनरचं नाव ललित. भडगावचा, पंचविशीचा, दंड एवढे की टी-शर्टच्या बाह्या दमलेल्या. गिऱ्हाइकांशी तो जिमची मराठी बोलायचा.

"सर, कोअर एंगेज करा."

"कुठे असतं ते?"

"पोटाच्या आत, सर."

"माझ्या पोटाच्या आत बरंच काही आहे."

तो हसला नाही. त्याने मला बसायला आणि उठायला लावलं. चाळीस वर्षांत बसण्या-उठण्याला इतकं लक्ष देऊन कोणी बघितलं नव्हतं. "आठ… नऊ… नऊ."

"नऊ झाले."

"तो अर्धा होता, सर."

मग आहार. साखर बंद, मैदा बंद, रात्री भात बंद. "भरीत चालेल, पुरी बंद."

पुरीशिवाय भरीत खाल्लेला माणूस आमच्या असोद्याला कोणी पाहिलेला नाही, पण मी लिहून घेतलं. फुकट मिळालेलं सगळं मी लिहून घेतो.

शुक्रवारी सकाळी माझ्या मांड्यांनी काम बंद केलं. जिना उतरताना कठडा धरला, शाळेत फळ्याला पाठ टेकून शिकवलं. संध्याकाळी मायला उचलायला गेलो तर पाय लटपटायला लागले. तिने माझ्याकडे बघितलं.

"तुले काय झालं रे?"

"काही नाही. तू हलू नको."

मी नेहमीसारखा बाजूने गेलो, तिच्या बगलेत हात घातले, ओढली. ती डोळे मिटून, श्वास धरून, लाकडासारखी ताठ. कशीबशी खुर्चीत नेली. त्या दिवशी कॅलेंडरवर दीड रेघ होती. अर्धी रेघ कशी काढतात ते मला माहीत नव्हतं. नूतनने ती आखूड काढली होती. म्हणजे ट्रेनरचा परिणाम दिसायला लागला होता, फक्त उलटा.

स्टाफरूममध्ये प्रेमराज सरांना विचारलं, पर्सनल ट्रेनर घेणं परवडतं का. ते म्हणाले, "सकाळी मेहरूण तलावाला एक फेरी मारा. फुकट." प्रेमराज सर स्वतः रोज फेरी मारतात आणि परत येताना कचोरी खातात, त्यामुळे त्यांचा आकार वीस वर्षं तोच आहे. त्यांचं म्हणणं अनुभवाचं होतं.

शनिवारी, शेवटच्या दिवशी, ललित म्हणाला, "सर, तुमचं ध्येय नीट कळलं नाही. फॉर्मवर जनरल लिहिलंय. जनरलवाले लोक दीड महिन्यात पळून जातात."

मी घाम पुसत होतो. दमलेला माणूस खोटं बोलायचा कंटाळा करतो. मी म्हणालो, "मला माझ्या आईला उचलायचंय."

त्याने हातातला मोबाईल खिशात ठेवला. मग एकदम जिमची मराठी सोडून त्याने घरची अहिराणी काढली.

"मायनं वजन कितलं शे?"

"अठ्ठावन्न."

त्याने दांड्याला चकत्या लावल्या. अठ्ठावन्न. मी वाकलो, धरला, ओढला. दांडा जागचा हलला नाही. त्याने काही काढल्या. पन्नास. मग चाळीस. तीस किलोंना तो दांडा उठला आणि माझ्या गुडघ्यांतून असा आवाज आला की आरशासमोरचा एक पोरगा मागे वळला.

"अठ्ठावन्नला किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"रोज ऱ्हायनात तर सहा महिना."

आता हा हिशेब आठवीच्या पोराला जमतो. माय तीन-चार महिन्यांत चालेल. मी सहा महिन्यांत तिला उचलण्याजोगा होईन. तेव्हा उचलायला माय मोकळी नसेल. मी ललितला म्हणालो, तुझं शिकवणं चांगलं आहे, पण मला त्याचा उपयोग नाही, अनुजला तसं सांगतो.

तो थोडा वेळ चकत्या जागेवर लावत राहिला. "घर कोठे शे, सर?"

रविवारी सकाळी तो दारात उभा. सुट्टीचा दिवस, हातात मेजरिंग टेप. पॅकेज हातचं जाऊ नये म्हणून आला असणार, असं मला वाटलं. त्यात वाईट काही नव्हतं. मीही शिकवण्या घेतो.

मायने त्याला नखशिखांत बघितलं.

"कोन्या गावचा रे भाऊ?"

"भडगाव, आजी."

"लगन झालं?"

"नही, आजी."

"मंग इतलं अंग कायले कमावलं?"

ललित लाजला. तीन दिवसांत मी त्याला प्रथमच माणसासारखा बघितला. नूतन चहा घेऊन आली तर बिनसाखरेचा आहे का विचारायचं विसरून तो घटाघट प्यायला. मग मला म्हणाला, "सर, रोज उचलतात तसं उचला."

मी बाजूने गेलो. "माय, हलू नको." बगलेत हात. तिने डोळे मिटले, श्वास धरला. तिला जेमतेम चार बोटं वर उचललं आणि परत टेकवलं. मला धाप लागली होती.

"बठ्ठा जोर कंबरवर टाकी ऱ्हायनात तुम्ही," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाठ करून पलंगाशी गुडघ्यांवर बसला. "आजी, तुम्हले कसं उचलं ते बरं वाटस?"

दोन महिन्यांत हा प्रश्न तिला मी विचारला नव्हता. नूतनने नाही, डॉक्टरांनी नाही, धुळ्याच्या फोनने तर नाहीच.

"मले इचारतो?" माय म्हणाली.

"हां."

"हा म्हनतो हलू नको. म्हनून मी हलत नही." तिने माझ्याकडे बघितलं, शाळेत पालक बघतात तसं. "आरे, घड असा उचलता का कोनी?"

ललितला कळलं नाही. त्यांच्याकडे कपाशी. मला कळायला हवं होतं. आमची केळीची बाग होती तेव्हा कापणीला माय चाळीस वर्षं ट्रॉलीपाशी उभी असायची, वाळलेली पानं अंथरून, येणारा प्रत्येक घड फिरवून बघत. मी तेव्हा खोलीत बसून तरफेचे तीन प्रकार पाठ करत होतो.

"घड वढायचा नही," ती ललितला सांगायला लागली. माझ्याशी बोलण्यात तिला अर्थ वाटत नसावा. "वढला का त्याले डाग पडतो. वाहनारा मानूस खांद्यावर उशी ठेवतो अन् घडाच्या खाली जाऊन उभा रायतो, पाय वाकवून. मंग कापनारा दांडा कापतो. घड सोता येतो खांद्यावर. आला का मंग उठायचं. येन्याच्या आधी नही." थोडं थांबून म्हणाली, "वढनारा मानूस आमच्या जीवरामभाऊनं दुसऱ्या दिवशी कामावर बोलावला नही कधी."

जीवरामभाऊ म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं तिने त्यांना भाऊच म्हटलं, गाव म्हणायचं तसं.

"अन् डाग?" ललितने विचारलं.

तिने पोलक्याची बाही वर केली. दंडाच्या आतल्या बाजूला चार निळे-काळे ठसे होते, आणि थोडं मागे एक अंगठ्याचा. बोटं माझी होती. दुसरा दंड तिने दाखवला नाही. मी नूतनकडे बघितलं. तिला माहीत होतं, ती रोज आंघोळ घालते.

"सांगितलं का नाहीस?" मी कोणाला विचारलं ते मलाच कळलं नाही.

"तू बी थकला व्हता," माय म्हणाली.

ललितने टेप काढून पलंगाची उंची मोजली. पलंग फार खाली होता. सुनंदाबाईंच्या अंगणात बांधकामाच्या विटा पडल्या होत्या, त्यातल्या आठ मागून आणल्या. त्याने एकट्याने एकेक कोपरा उचलून पायांखाली दोन-दोन विटा सरकवल्या. माय पलंगावरच होती. ती चार वेळा एकेका बाजूने वर गेली आणि एकदाही 'हळू' म्हणाली नाही.

मग तिला कडेला बसवलं, चांगला पाय टेकलेला, ऑपरेशनचा पुढे. मी समोर. खांद्यावर नूतनने टॉवेलची घडी ठेवली.

"पाय वाकवा. अजून. सर, जिममा वाकाडतस तितला," ललित म्हणाला.

"आता?"

"आता काहीच नको करू," माय म्हणाली. "खाली जाऊन उभा राय. मी येते."

पहिल्यांदा मी घाई केली आणि ओढलं. तिने माझ्या पाठीत चापट मारली. दुसऱ्यांदा मांड्या थरथरल्या आणि मीच मागे बसलो. ललितने मागून धरलं. तिसऱ्यांदा मी वाकून थांबलो. ती पुढे झुकली. तिचं डोकं आलं, मग खांदा, मग छाती, आणि मग सगळी माय, सावकाश, माझ्या उजव्या खांद्यावर. वजन अठ्ठावन्नच होतं, त्यात काही सूट मिळाली नव्हती. पण ते तिने आणलं होतं. कानाशी आवाज आला, "ऊठ."

उठलो. वळलो. खुर्ची.

ललितने "एक" असं मोजलं. सवय.

"सर," जाताना दारात तो म्हणाला, आणि परत जिमच्या मराठीत आला, "टेक्निक आलं. पण मांडीत ताकद नाही. दिवसातून सहा वेळा हे करायचं तर लागेल. मग पॅकेज?"

तो घरापर्यंत कशाला आला होता हे ठरवायचा मला कंटाळा आला होता. दोन्ही गोष्टींसाठी आला असेल. माणसं येतात तशी.

"एक महिना," मी म्हणालो. "फक्त मांड्या."

"फक्त मांड्या असं नसतं, सर."

"मग काय असेल ते. पण पुरी चालू."

तो विचार करून म्हणाला, "रविवारी दोन."

दिपमाला बारा वाजता आली. गाडीच्या मागच्या सीटवर गादी अंथरलेली, वर नवी चादर, उशाशी थर्मास. आल्या आल्या ती मायच्या पिशव्या कुठे आहेत विचारायला लागली. माय खुर्चीत बसली होती.

"नूतन," तिने हाक मारली, "पानी आन."

नूतनने ग्लास आणला. मायने तो दिपमालाकडे बघत, एका दमात, आवाज करत संपवला. तांब्या कोणी तोंडी लावावा तसा.

"अजून."

दुसराही गेला. ओठ पुसून म्हणाली, "दिपू, जेवून जाय. नूतननं वांगे भाजले हाये."

दिपमाला माझ्याकडे बघत होती. मी विटांकडे बघत होतो. ती भरताशी पुरी तळायला आत गेली, आणि थोड्या वेळाने आतून तिच्या नाक ओढण्याचा आवाज आला. तळणात मिरच्या नव्हत्या.

अर्ध्या तासाने हाक आली. "लीलाधर."

मी गेलो. खाली वाकलो, थांबलो. आली. उठलो. दिपमाला दारात पोळपाट हातात घेऊन उभी होती. जेवल्यावर ती तीन वाजता निघाली. गादी तशीच मागच्या सीटवर गेली, थर्मास तेवढा मायने ठेवून घेतला.

साडेतीनला परत हाक आली. साडेचारला आली. पाचला तिने सुनंदाबाईंना बोलावून चहा पाजला आणि स्वतः दोन कप घेतला. पावणेसहाला हाक आली. कॅलेंडरवर सात रेघा झाल्या होत्या आणि चहाची रेघ धरायची की नाही यावर नूतन पेन्सिल हातात घेऊन विचार करत होती. माझ्या मांड्यांत आता मांड्या असं काही उरलं नव्हतं. उद्या सकाळी सहाला ललित.

"पाणी जरा बेताने दे ना तिला," मी म्हणालो.

नूतनने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"भाऊ," आतून हाक आली.

"आलो," म्हणालो, आणि कठडा नसल्यामुळे ओट्याला धरून उठलो. टॉवेलची घडी खांद्यावरच होती, ती काढायची राहून गेली होती.